इटलीला जायच्या आधी मुलांसोबत काय वाचावं? (वय १० आणि ६)

पानवेल:
नमस्कार मंडळी, मे महिन्यात आम्ही चौघं पहिल्यांदाच इटलीला जातोय. आधी रोम चार दिवस, मग नेपल्सला राहून पॉम्पेई (व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन गाव) आणि शेवटी फ्लोरेन्स. मुलगी १० वर्षांची आहे, ती स्वतःचं स्वतः वाचते, मुलगा ६ चा, त्याला अजून वाचून दाखवावं लागतं. हातात साधारण दोन महिने आहेत.

विचारायचं कारण असं की मागच्या एका ट्रिपच्या आधी मी उत्साहात आठ-नऊ पुस्तकं गोळा केली होती, त्यातली दीड वाचून झाली, आणि तिथं गेल्यावर गाईड सनावळ्या सांगत होता तेव्हा मुलगी माझा हात ओढून एकच विचारत होती, "आई, पण इथं राहायचं कोण?" मला उत्तर देता आलं नाही. ते मला फार लागलं. यावेळी तसं व्हायला नकोय.

तर दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे माझ्यासाठी आणि नवऱ्यासाठी इतिहासाचं एखादं पुस्तक, आम्ही दोघंही इतिहासवाले नाही, शाळेत रोमन साम्राज्य वाचलं ते तेवढंच. मेरी बिअर्डचं एसपीक्यूआर (प्राचीन रोमचा इतिहास) आणून ठेवलंय पण त्याची जाडी बघून हात जात नाही. आणि दुसरं, मुलांसाठी गोष्टी, म्हणजे अगदी इतिहासाच्याच हव्यात असं नाही, तिथल्या मातीतल्या असल्या तरी चालतील. आणि हो, पॉम्पेई ६ वर्षांच्या मुलाला झेपेल का? तिथली माणसं कशी गेली हे सांगावं की नको?

रानवाटा:
पानवेल ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न इतका चांगला आहे ना की मी तर म्हणेन पुस्तकं त्याच प्रश्नावर निवडा. "इथं राहायचं कोण" याचं उत्तर ज्या पुस्तकात मिळतं ते घ्या, बाकीचं सगळं आल्यावर वाचा.

एसपीक्यूआर छानच आहे पण ते पहिल्या पानापासून सुरू करायचा हट्ट सोडा. सुरुवातच सिसेरो आणि कॅटिलाइन या रोमन पुढाऱ्यांच्या इ.स.पू. ६३ मधल्या भांडणापासून होते, नवख्या माणसाला तिथंच दमायला होतं. मागे श्रीमंत आणि गरीब लोकांच्या रोजच्या जगण्यावर एक प्रकरण आहे, घरं कशी होती, भाड्याने कोण राहायचं वगैरे, आधी ते वाचा आणि मग वाटलं तर पुढे-मागे जा. तुमचा रूट बघता त्याच बाईंचं पॉम्पेईवरचं पुस्तक जास्त कामाचं आहे, त्यात दुकानं, रस्ते, न्हाणीघरं, भिंतींवर लिहिलेलं काय काय, सगळं एका गावाभोवती फिरतं त्यामुळे डोक्यात राहतं.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच. धाकटा प्लिनी म्हणून एक रोमन लेखक होता, त्याची दोन पत्रं आहेत, टॅसिटस या इतिहासकाराला लिहिलेली, इंग्रजीत सहज मिळतात आणि दोन्ही मिळून अर्ध्या तासात वाचून होतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा हा १७ वर्षांचा होता आणि खाडीच्या पलीकडे मिसेनमला राहत होता. त्याचा मामा नौदलाचा प्रमुख, तो जहाजं घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि परत आला नाही. पत्रात काय काय आहे बघा, वरून दगड पडतायत म्हणून लोकांनी डोक्याला उशा बांधल्या, आणि इकडे हा पोरगा भूकंप होत असताना पुस्तक उघडून अभ्यास करत बसलाय! माझ्या मुलाला (तेव्हा ९) मी हे मराठीत सांगितलं आणि त्याने लगेच उशी डोक्यावर धरून टॉवेलने बांधून बघितली, चालता येतं का म्हणून.

आणि एक गंमत. प्लिनी म्हणतो की डोंगरावरचा ढग पाइनच्या झाडासारखा दिसत होता. आपल्या डोळ्यासमोर पाइन म्हटलं की ख्रिसमस ट्री येतं आणि मग ते वर्णन काही जुळत नाही. पण रोमला उतरलात की रस्त्याच्या कडेला उंच सरळ खोड आणि वर उघडलेल्या छत्रीसारखा हिरवा पसारा अशी झाडं दिसतील, तोच तो पाइन. मुलगा टॅक्सीतून ओरडला, "बाबा, तो ढग!" आम्ही रोममध्ये पाऊल टाकून अजून तासही झाला नव्हता.

जुनी_पानं:
मी शाळेच्या लायब्ररीत बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे मुलांच्या पुस्तकांचं मी सांगते.

मोठीसाठी कॅरोलाइन लॉरेन्सची रोमन मिस्ट्रीज ही मालिका बघा, पहिलं द थीव्ज ऑफ ऑस्टिया. त्यातली फ्लाव्हिया हीपण तुमच्या लेकीच्याच वयाची, ऑस्टिया बंदरात राहणारी आणि काळ बरोबर इ.स. ७९ चा, दुसऱ्या पुस्तकात तर व्हेसुव्हियसच आहे. मालिकेत गुलाम मुलगीसुद्धा मुख्य पात्र आहे, त्यामुळे "राहायचं कोण" मध्ये फक्त मोठ्या घरातली माणसं येत नाहीत, हे मला फार आवडतं. एवढी दोन पुस्तकं बास, अख्खी मालिका डोक्यावर टाकू नका.

दोघांना मिळून बघायला डेव्हिड मॅकॉलेचं सिटी. १९७४ चं आहे, सगळी काळ्या शाईची चित्रं, एक काल्पनिक रोमन गाव रिकाम्या जमिनीपासून कसं उभं राहतं ते पानोपानी दाखवलंय, मोजणी, रस्ते, गटारं, पाण्याचे कालवे, सगळं. ६ वर्षांचं मूल वाचत नसलं तरी तासन्‌तास बघत बसतं, कारण प्रत्येक चित्रात बारकी बारकी माणसं काहीतरी करतायत.

आता फ्लोरेन्ससाठी पिनोकिओ घ्याच. लेखक कोलोदी मूळचा फ्लोरेन्सचाच, खरं नाव कार्लो लोरेंझिनी, आईच्या गावाचं नाव त्याने टोपणनाव म्हणून घेतलं. पण ताई, एक नक्की करा, मूळ पुस्तक आधी तुम्ही स्वतः वाचा. सिनेमातला गोड पिनोकिओ त्यात नाहीये. तो बोलणारा रातकिडा चौथ्याच प्रकरणात हातोडा लागून मरतो, आणि १८८१ मध्ये मुलांच्या मासिकात गोष्ट क्रमशः यायला लागली तेव्हा लेखकाने पंधराव्या प्रकरणात पिनोकिओला झाडाला फाशी देऊन गोष्ट संपवलीच होती, वाचकांनी आग्रह धरला म्हणून पुढे चालू झाली आणि १८८३ ला पुस्तक निघालं. कापून-छाटून गुळगुळीत केलेल्या आवृत्त्या मला स्वतःला आवडत नाहीत. मुलांना खोडकर, चुकणारा, रडणारा पिनोकिओच आपला वाटतो. हातोड्याच्या जागी कसं वाचायचं ते तुम्ही ठरवा, तुमचं मूल तुम्हालाच माहीत.

आणि झोपताना वाचायला जियानी रोदारीच्या टेलिफोनवरच्या गोष्टी. एक फिरतीवरचा सेल्समन रोज रात्री घरी फोन करून लेकीला गोष्ट सांगतो, आणि फोनचं बिल वाढू नये म्हणून गोष्ट छोटीच असते. त्या इतक्या गोड आहेत की टेलिफोन ऑपरेटर बायका काम थांबवून ऐकतात! दोन-तीन पानांच्या गोष्टी आहेत, दमलेल्या आईबापांना याहून चांगलं काही नाही. इंग्रजीत भाषांतर मिळतं, मी वाचता वाचता मराठीत सांगायचे.

शेवंती:
पॉम्पेईबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे, रानवाटांना राग नसावा. आम्ही गेलो तेव्हा मुलगी साडेसहाची होती. ज्वालामुखी, राख, लाव्हा हे सगळं आम्ही गोष्टीसारखं रंगवून सांगितलं होतं आणि तिला ते खूप आवडलंही होतं. पण तिथं काचेमागे ते माणसांचे साचे आहेत ना, ते बघून ती एकदम गप्प झाली. रात्री हळूच विचारलं, "ती खरी माणसं होती?" आम्ही गोष्ट म्हणून इतकं सांगितलं होतं की ती खरी असतील असं तिला वाटलंच नव्हतं. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, चूक तिची नव्हती, आम्ही सांगितलंच तसं होतं.

म्हणून सांगते, सांगा, नक्की सांगा, पण खरं सांगा. माणसं राखेखाली गाडली गेली, शरीरं कुजून गेली आणि राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या, १८६३ मध्ये फियोरेल्ली नावाच्या माणसाने त्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतलं आणि ते आकार बाहेर आले. हे शांतपणे घरीच, दिवसाउजेडी, मांडीवर बसवून सांगा. आणि बघायचं नाही म्हणाला तर बघायचं नाही, पुढे चला, गाव केवढंतरी मोठं आहे.

६ वर्षांच्या मुलाला मजा येते ती वेगळ्याच गोष्टींची. रस्ता ओलांडायला मधे उंच दगड ठेवलेत, त्यांच्या मधून गाड्यांची चाकं जायची आणि चाकांच्या घासण्याने दगडात खोल चाकोऱ्या पडल्यात. माझ्या मुलीने त्या चाकोरीत बोट घालून कितीतरी अंतर तशीच चालत काढलं. एका घराच्या दारात साखळीला बांधलेल्या कुत्र्याचं मोझेक आहे आणि खाली 'कुत्र्यापासून सावध' असं लॅटिनमध्ये लिहिलंय. आणि नेपल्सच्या म्युझियममध्ये जळून कोळसा झालेला गोल पाव आहे, त्यावर तुकडे करायच्या खुणासुद्धा तशाच. "राहायचं कोण" तर हे, कुत्रा पाळणारे आणि पाव भाजणारे.

रानवाटा:
शेवंती ताई, राग कसला, अगदी पटलं. माझा मुलगा नऊचा होता, सहा आणि नऊ यात फार फरक पडतो, हे मी लिहायला हवं होतं.

कमान:
मी सिव्हिलवाला आहे त्यामुळे बाकीचं सोडून घुमटाबद्दल बोलतो. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये बांधला, ४० लाखांहून जास्त विटा, आणि खालून आधाराला लाकडी सेंटरिंग न लावता. आजही स्लॅब टाकायचा म्हटलं की आपण आधी खाली टेकू उभे करतो, त्यामुळे हे काय धाडस होतं ते माझ्यासारख्याला वाचतानाच अंगावर येतं. रॉस किंगचं ब्रुनेलेस्कीज डोम वाचा, इतिहास न आवडणाऱ्या तुमच्या मिस्टरांना हे नक्की आवडेल, कारण ते कादंबरीसारखं धावतं, त्यात भांडणं आहेत, स्पर्धा आहे, यंत्रं आहेत.

मुलांना अंड्याची गोष्ट सांगा. वासारी म्हणून कलाकारांची चरित्रं लिहिणारा एक जण होता, त्याने लिहून ठेवलीय. ब्रुनेलेस्की म्हणाला की जो संगमरवरावर अंडं उभं करून दाखवेल त्याने घुमट बांधावा. कोणालाच जमेना, मग याने अंड्याचं टोक हळूच आपटून चपटं केलं आणि उभं केलं. बाकीचे म्हणाले, हे तर आम्हीही केलं असतं, तर हा म्हणाला, माझा आराखडा बघितला असता तर घुमटही तुम्ही बांधला असता. घरी एक उकडलेलं अंडं घेऊन करून बघा, मग वर ४६३ पायऱ्या चढताना दोन भिंतींच्या मधून जाल तिथं विटा तिरक्या, माशाच्या काट्यासारख्या लावलेल्या दिसतील, त्या दाखवा. लहानग्याला पायऱ्या जास्त होतील, तेवढं एकाने खाली थांबायची तयारी ठेवा.

रोमला पँथिऑनमध्ये (घुमटाचं जुनं रोमन मंदिर) उलटं करा, वर बघून झालं की खाली बघा. छताला मधोमध नऊएक मीटरचं उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत येतो, आणि जमिनीत बारीक छिद्रं आहेत पाणी जायला. मुलांना शोधू द्या, सांगू नका.

मातीचा_डबा:
उशिरा लिहितोय. मराठीत हवं असेल तर मीना प्रभूंचं रोमराज्य आहे, दोन भाग, इटलीवरचंच. प्रवासवर्णन आहे पण इतिहास त्यात गप्पांसारखा येतो, घरात मोठ्याने वाचायला छान.

आणि नेपल्सच्या म्युझियमला जाताय तर एक गोष्ट चुकवू नका. पॉम्पेईत १९३८ मध्ये एका घरात भारतातली हस्तिदंती मूर्ती सापडली, वीतभराहून थोडी मोठी, दागिन्यांनी मढलेली बाई आणि दोन बाजूंना दोन दासी. लोक तिला पॉम्पेई लक्ष्मी म्हणतात, अभ्यासकांना ती यक्षी वाटते. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडल्यात. म्हणजे व्हेसुव्हियस फुटला त्या दिवशी आपल्याकडची एक बाई तिथं घरात होती! मला हे कळल्यापासून रोमन इतिहास परका वाटतच नाही. ती ठेवलेली खोली प्रौढांसाठीच्या कलाकृतींची आहे, त्यामुळे मुलांना नेण्याआधी तुमच्यापैकी एकाने पुढे जाऊन बघून या.

पानवेल:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, मी हा धागा तीनदा वाचला आणि वहीत उतरवून घेतलाय. ठरवलंय ते असं, आम्ही दोघं पॉम्पेईचं पुस्तक आणि प्लिनीची पत्रं, नवरा घुमटाचं वाचणार (अंड्याची गोष्ट ऐकून त्यानेच मागितलं), लेकीला फ्लाव्हियाची दोन, आणि रात्री पिनोकिओ. एसपीक्यूआर तेवढं एक प्रकरण. बाकी काही आणणार नाही.

काल रात्री पिनोकिओ सुरू केलं. जुनी_पानं ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून चौथं प्रकरण आधी वाचून ठेवलं होतं, तरी तिथं आल्यावर माझाच आवाज अडकला आणि मी थांबले. मुलगा म्हणाला, "मेला का तो?" मी म्हटलं, हो. थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "पिनोकिओने सॉरी म्हटलं का?" मी म्हटलं अजून नाही, पुढे बघू. तर तो उठून बसला, उद्याचं प्रकरण आत्ताच वाच म्हणून, आणि मी वाचलं.

जुनी_पानं:
तो रातकिडा पुढे पुन्हा येतो, काळजी करू नका. पण त्याला आत्ता सांगू नका हं.