नव्या प्रकल्पासाठी स्वतःचे तयार टेम्प्लेट ठेवावे का?

धरमपेठहून

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात असो वा घरून, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पाच-सहा जणांच्या प्रत्येक गटाने नव्या प्रकल्पासाठी स्वतःचे टेम्प्लेट, म्हणजे सुरुवातीच्या फायलींचा तयार सांगाडा, एकदा नीट बसून तयार करावे, असे माझे ठाम मत आहे. फोल्डरांची मांडणी, कोड एकसारखा मांडणारा फॉरमॅटर आणि त्यातल्या चुका दाखवणारा लिंटर यांची सेटिंग्ज, चालणारी एक तरी चाचणी आणि प्रत्येक पुशनंतर (कोड सामायिक साठ्यावर पाठवल्यावर) ती आपोआप चालवणारी फाईल एवढे त्यात असले, म्हणजे पहिला दिवस मूळ कामाला मिळतो. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटने कोणत्या फायली वगळायच्या ते सांगणारी गिटइग्नोर फाईल तर पहिल्याच कमिटपासून, म्हणजे बदलांच्या पहिल्या नोंदीपासून, हवी. कारण पासवर्ड असलेली फाईल एकदा कमिट झाली की ती नंतर काढून टाकली तरी इतिहासात राहते. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर २०१९ पासून रिपॉझिटरीला (प्रकल्पाच्या कोडसाठ्याला) टेम्प्लेट म्हणून खूण करता येते आणि तिच्यातून निघालेल्या नव्या रिपॉझिटरीत जुने कमिट येत नाहीत, म्हणून फोर्क करण्यापेक्षा, म्हणजे इतिहासासकट प्रत काढण्यापेक्षा, मला हाच मार्ग योग्य वाटतो.

महालातून

आपण सांगता ती सोय पहिल्या दिवसाची आहे, प्रकल्प मात्र वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. टेम्प्लेटमधून फायली तयार झाल्या की मूळ टेम्प्लेटशी त्यांचा संबंध तुटतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतल्या, प्रोग्रामच्या नोंदी (लॉग) ठेवणाऱ्या लॉगफोरजे लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली. अशा वेळी टेम्प्लेटमधली आवृत्ती बदलून आधी निघालेला एकही प्रकल्प सुरक्षित होत नाही, प्रत्येक वेगळा उघडावा लागतो. रिॲक्ट या वेबपाने बांधण्याच्या लायब्ररीवरचा नवा प्रकल्प सुरू करून देणाऱ्या क्रिएट रिॲक्ट ॲपचे उदाहरणही घ्या. २०१६ मध्ये फेसबुकमधून आलेले हे साधन असंख्य लोकांनी वापरले. पण त्याची सक्रिय देखभाल करणारे कोणी उरले नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्याच गटाने नव्या ॲपसाठी ते वापरू नका असे जाहीर केले. जे तिथे निभावले नाही, ते पाच जणांच्या गटाला निभावेल असे आपण कशाच्या आधारावर म्हणता?

धरमपेठहून

क्रिएट रिॲक्ट ॲपला साऱ्या जगाच्या गरजा भागवायच्या होत्या, आपल्याला फक्त आपल्या. संबंध तुटण्याचा आक्षेप टेम्प्लेटमधून प्रकल्प काढून देणाऱ्या साधनांपैकी कुकीकटरला लागू आहे, कॉपियरला नाही. कॉपियर प्रकल्प काढताना विचारलेल्या प्रश्नांना आपण दिलेली उत्तरे प्रकल्पातच एका फाईलमध्ये जपून ठेवतो आणि टेम्प्लेट बदलले की जुन्या-नव्या आवृत्तीतला फरक त्या प्रकल्पावर चढवतो. जिथे आपला बदल आड येतो, तिथे गिटमध्ये दोन बदल एकत्र करताना (मर्ज) दिसतो तसा संघर्ष दाखवतो. शिवाय लिंटरचे नियम किंवा लॉगिंगचा कोड टेम्प्लेटमध्ये चिकटवण्याऐवजी वेगळे पॅकेज करून ठेवले, तर दुरुस्ती एकाच ठिकाणी होते आणि प्रकल्पांत केवळ आवृत्ती वाढवावी लागते.

प्रतापनगरहून, एक शिक्षिका

नोकरी करणाऱ्यांबद्दल मी धरमपेठच्या बाजूची आहे, शिकणाऱ्यांबद्दल नाही. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आयते टेम्प्लेट उतरवून घेतात आणि अमुक फाईल कशासाठी आहे असे तोंडी परीक्षेत विचारले की गप्प होतात. त्यांनी निदान पहिला प्रकल्प रिकाम्या फोल्डरपासून उभा करावा, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणे) मोडू द्यावे, त्रुटीचा संदेश वाचावा आणि मग कोणती फाईल का लागते ते स्वतः ठरवावे.

महालातून

बाईंशी मी पूर्ण सहमत आहे आणि नव्याने रुजू झालेल्यांनाही हेच लागू करावे असे म्हणेन. कॉपियरची अडचण तांत्रिक नसून माणसांची आहे. टेम्प्लेटच्या प्रत्येक बदलाला गिट टॅग (आवृत्तीची खूण) लावणे, तो बदल सगळ्या चालू प्रकल्पांवर चढवणे आणि संघर्ष सोडवणे हे काम ग्राहकाच्या बिलात बसत नाही, म्हणून डिलिव्हरीच्या आठवड्यात तेच आधी मागे पडते. ज्या गटात त्यासाठी माणूस नेमलेला नाही आणि त्याचे तास धरलेले नाहीत, त्याने भाषेच्या अधिकृत साधनाने निघणारा मूळ सांगाडाच वापरावा.

धरमपेठहून

माणूस नेमावा, तास धरावेत, हे मान्य. पण रस्ट भाषेच्या 'कार्गो न्यू' या अधिकृत आज्ञेने निघणाऱ्या सांगाड्यात पुशनंतर चाचणी चालवणारी फाईल नसते. ती पुन्हा प्रत्येक प्रकल्पात हातानेच लिहावी लागेल आणि त्या तासांचा हिशोबही आपण मांडायला हवा.