बारा सोडती, चार वेळा माझंच नाव: योगायोग की डूख?

लोटेकर: लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टला आहे. आम्ही 200 कामगार. दर महिन्याला संगणक 10 नावं काढतो, त्यांची लघवी नशेच्या चाचणीला जाते. बारा महिन्यांत माझं नाव चारदा निघालं; शेजारच्या रिॲक्टरवरच्या दोघांचं एकदाही नाही. मला सुपारीचंही व्यसन नाही. बाटली हातात घेऊन सगळ्यांसमोरून जाताना मान खाली जाते. ही सोडत खरी असेल?

मास्तर, चिपळूण: असू शकते. आपल्या डोक्यात भिशी असते: नाव निघालं की चिठ्ठी बाजूला, वर्षभरात सगळ्यांचा नंबर लागतो. इथे चिठ्ठी दर महिन्याला परत डब्यात जाते, आणि जायलाच हवी. नाहीतर चाचणी झालेला माणूस पुढे बिनधास्त. प्रत्येक सोडतीत तुमची शक्यता 20 मध्ये 1. बारा सोडतींत एकदाही नाव न येण्याची शक्यता 54 टक्के, म्हणजे साधारण 108 जण सुटणारच. तीन किंवा जास्त वेळा सापडणारे सरासरी चौघे. आणि निदान एकाला तरी चार किंवा जास्त वेळा जावं लागण्याची शक्यता 36 टक्के. यंदा तो एक तुम्ही.

खेडवाली: मास्तर, 'कुणीतरी एक' वेगळा आणि 'हाच एक' वेगळा. दादा, वर्षभरापूर्वी साहेबांशी काही वाजलं होतं का?

लोटेकर: हो ताई. शिमग्याच्या आधी पंपाच्या गळतीची लेखी तक्रार दिली होती, सही माझी एकट्याची. या बारा सोडती त्यानंतरच्याच.

खेडवाली: मग 36 टक्के विसरा. आधीच बोट दाखवलेल्या माणसाचं नाव चार किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता 450 मध्ये 1 पडते. मी तर गप्प बसणार नाही.

मास्तर, चिपळूण: आकडा मान्य, घाई अमान्य. साहेबांशी वाजलेले 15 जण असतील, तर त्यांच्यातल्या कुणाच्या तरी बाबतीत हे होण्याची शक्यता 30 मध्ये 1 होते. तेवढ्यावर माणसाला खोटारडा ठरवू नये.

खेडवाली: ठरवत नाही. बाराही महिन्यांच्या याद्या मागा म्हणते. तक्रारवाल्या इतरांची नावंही वारंवार आली असतील तर कळेलच. आणि पुढची सोडत कामगारांच्या प्रतिनिधीसमोर काढा. त्यात कंपनीचं काय जातं?

दाभोळचा खलाशी: ताईंशी सहमत. अमेरिकेत ट्रकचालकांच्या अशा चाचण्यांचं प्रमाण 1 जानेवारी 2020 पासून वर्षाला 25 वरून 50 टक्के केलं, पण दर सोडतीत प्रत्येकाला सारखीच संधी हवी, हे नियमातच लिहिलंय. मास्तर, 'योगायोग' म्हणून सोडू नका. खेपा वाढल्या की चुकीच्या निकालाचा धोकाही वाढतो. लोटेकर भाऊ, कोडीनवालं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर चिठ्ठीसकट आधी सांगून ठेवा. पहिल्या चाचणीत ते अफूच्या वर्गात दिसू शकतं.

मास्तर, चिपळूण: याद्या मागायला माझाही पाठिंबा. अर्जात आरोप नको, फक्त मागणी लिहा. हिशोब मी करून देतो.

लोटेकर: सोमवारी अर्ज देतोय. या वेळी सही एकट्याची नाही. ज्यांचं नाव एकदाही निघालं नाही, त्या दोघांतला एकजण सही करतो म्हणाला.