मृत्यूंच्या यादीत हृदयविकार पहिला, म्हणून प्रतिबंधाचा पैसाही आधी तिकडेच?

मेघना:
जगात सगळ्यात जास्त माणसं कशाने मरतात, ही यादी सारखी कुठे ना कुठे वाचायला मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ६.८ कोटी मृत्यू झाले. त्यातले ९१ लाख हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन. त्या वर्षी कोविड दुसऱ्या क्रमांकावर, ८८ लाख. मग पक्षाघात, मग सीओपीडी, म्हणजे श्वास घेणं अवघड करणारा फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार.

माझा आक्षेप आकड्यांवर नाही, त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी झोपेत हृदय थांबलेले आजोबा आणि जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी दगावलेलं बाळ, यादीत दोघांची नोंद एकेकच. २०२२ मध्ये पाच वर्षांच्या आतली ४९ लाख मुलं गेली. त्यातली २३ लाख तर जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग ही त्यामागची मोठी कारणं. यातल्या बऱ्याच गोष्टींवरचे उपाय माहीत आहेत आणि ते महागही नाहीत. १९९० मध्ये पाच वर्षांखालचे बालमृत्यू सव्वा कोटीच्या आसपास होते, म्हणजे ते कमी करता येतात हे जगाने करून दाखवलंय.

आणि हृदयविकार वर दिसतो तो का? माणसं म्हातारपणापर्यंत पोचायला लागली म्हणून. लशीने वाचलेलं मूल पुढे कधीतरी, कशाने तरी जाणारच. म्हणून माझं मत: प्रतिबंधाचा पैसा मृत्यूंच्या संख्येवरून वाटू नये, बुडालेल्या वर्षांवरून, म्हणजे लवकर गेल्यामुळे जगायची राहिलेल्या वर्षांवरून वाटावा. विरोधी मतं जरूर मांडा.

प्रणव:
विरोध आहे. हृदयविकार म्हणजे म्हातारपण, हा समजच या क्षेत्राचं सगळ्यात मोठं नुकसान करतो. २०२१ मध्ये असंसर्गजन्य, म्हणजे हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह अशा आजारांनी सत्तरीच्या आत गेलेली माणसं १.८ कोटी होती. त्यातली ८० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. तुमच्या ४९ लाखांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

उच्च रक्तदाबाचंच घ्या. २०१९ मध्ये ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना तो होता. जवळपास निम्म्यांना पत्ताच नव्हता, आणि ताब्यात होता तो पाचांपैकी एकाच्या आसपास. औषधं जुनी, पेटंट कधीच संपलेलं, दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत तपासणी होते. पंचेचाळिशीतला कमावता माणूस पक्षाघाताने गेला की त्याच्या मुलांची शाळाही जाते. हे नुकसान बुडालेल्या वर्षांच्या हिशेबात कुठे बसतं?

मेघना:
तुमचेच आकडे घेऊ, प्रणव. सत्तरीच्या आत गेलेल्या त्या १.८ कोटींची सत्तरीपर्यंतची सरासरी १५ वर्षं बुडाली असं धरा (हे माझं गृहीतक, मोजलेला आकडा नव्हे). झाली २७ कोटी वर्षं. मुलांची प्रत्येकी सत्तर धरली तर ३४ कोटी. म्हणजे संख्येने साडेतीन पटींहूनही जास्त कमी असलेले मुलांचे मृत्यू बुडालेल्या वर्षांत पुढे जातात. मी हेच म्हणतेय.

शिवाय गोवराच्या लशीचे दोन डोस दिले की काम झालं. रक्तदाबाची गोळी जन्मभर, रोज. औषध महिनोन्महिने न चुकता पोचवणारी यंत्रणा हवी. गोळी स्वस्त असली म्हणून कार्यक्रम स्वस्त होत नाही.

प्रणव:
१५ चे २० करा, लगेच ३६ कोटी होतात आणि पारडं फिरतं. एवढ्याशा गृहीतकावर निकाल बदलत असेल तर त्या हिशेबावर निधी कसा वाटायचा?

वसुधा:
मी ७४ वर्षांची आहे, म्हणून हा धागा जरा वेगळ्या नजरेने वाचला. मेघना, वर्षं मोजायची पद्धत काही नवी नाही. १९९३ च्या जागतिक बँकेच्या अहवालात आजारांचा भार मोजताना मृत्यूने बुडालेली वर्षं आणि अपंगत्वात गेलेली वर्षं यांची बेरीज केली होती. पण त्या हिशेबात वयालाही वजन दिलेलं होतं. पंचविशीच्या आसपासचं एक वर्ष सगळ्यात मोलाचं, बाळाचं कमी आणि म्हाताऱ्याचंही कमी. म्हणजे ज्या बाळांसाठी तू लिहिते आहेस, त्यांचंही वर्ष हलकंच धरलं होतं! पुढे २०१० सालच्या आजारभाराच्या अभ्यासात हे वजन काढून टाकलं. तोवर ते वापरलं गेलंच. बेरीज-वजाबाकीच्या आत कोणाचं तरी मत बसलेलं असतं, एवढंच मला सांगायचंय.

दुसरं, पक्षाघाताने माणूस दर वेळी मरत नाही. अंथरुणाला खिळतो, आणि घरातलं एक माणूस, बहुतेक वेळा बाईच, त्याच्याबरोबर अडकून पडते. रोग्याची ती वर्षं या पद्धतीत धरतात. सेवा करणारीची धरत नाहीत. माझ्या वयाच्या माणसाचा पक्षाघात टळला की दोन आयुष्यं मोकळी राहतात.

शर्वरी:
मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. वसुधाताईंचं म्हणणं मनापासून पटतं, तरी मी मेघनाच्या बाजूची.

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायचं, ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. पूर्वी बाळ स्थिरावल्यावर हे करायचे. २०२१ मध्ये आलेल्या पाच देशांमधल्या अभ्यासात जन्मल्या-जन्मल्या लगेच सुरू केलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाले. लाभाची खात्री इतकी पटली की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला.

यात यंत्र नाही, गोळी नाही. लागते ती आईला बाळाशेजारी खाट आणि दोघांवर लक्ष ठेवणारी पुरेशी माणसं. पण आईला एका वॉर्डात आणि बाळाला दुसऱ्या वॉर्डात ठेवायची रीत मोडायला कोणी पैसा मंजूर करत नाही, कारण मोठ्या यादीत ही बाळं ‘नवजात अवस्थेतील विकार’ अशा एका ओळीत खाली कुठेतरी असतात. याचा मला खरंच राग येतो.

अमेय:
दोन्ही बाजू मागे बघून बोलताहेत असं वाटतं. आजचे मृत्यू मोजा नाहीतर बुडालेली वर्षं मोजा, कारण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचंच असतं.

तंबाखू घ्या. १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयींचा अभ्यास सुरू झाला आणि तो पन्नास वर्षं चालला. धूम्रपान न सोडणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडलं तर ती दहाही वर्षं जवळपास परत मिळतात, पन्नाशीत सोडलं तर निम्मी. म्हणजे आज पंधरा वर्षांच्या मुलाने ओढलेली पहिली सिगारेट आणखी चार-पाच दशकांनी तुमच्या यादीत उतरणार. तोवर ती कोणत्याच मोजणीत नाही.

आणि इथे ‘पैसा आधी कुठे’ हा प्रश्नच लागू होत नाही. तंबाखूवर कर वाढवला तर सरकारला खर्च येत नाही, उलट महसूल मिळतो. जाहिरातबंदीला अंमलबजावणीपुरता खर्च. तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००५ पासून लागू आहे, बहुतेक देशांनी तो मान्य केलाय. अडतं ते कंपन्यांच्या दबावापाशी. बाळं की हृदयरोगी, हे भांडण सरकारांना सोयीचं आहे. आपण एकमेकांच्या वाट्यातले पैसे ओढत बसतो आणि कराचा विषय बाजूला पडतो.

मेघना:
अमेय, कराबद्दल शंभर टक्के सहमत. पण कर वाढवला तरी त्या पैशांचं काय करायचं हे ठरवावंच लागतं, आणि तिथे मी माझ्या मतावर ठाम आहे. शर्वरीने सांगितलेली खाट आधी. वसुधाताई, सेवा करणाऱ्यांची वर्षंही हिशेबात यावीत, हे मान्य. मोजायचं कसं हे कोणीतरी बसून ठरवायला हवं.

निखिल:
सगळे आकड्यांवर भांडताहेत म्हणून एक विचारतो. हे आकडे येतात कुठून? जगातल्या साधारण दहापैकी चार मृत्यूंची नोंदच होत नाही, आफ्रिकेत तर दहापैकी एखाद्याचीच होते. कारण डॉक्टरने लिहिलेलं असणं तर पुढचीच गोष्ट. अनेक ठिकाणी घरच्यांना लक्षणं विचारून मागाहून कारण ठरवतात: ताप होता का, धाप लागली होती का, किती दिवस. बाकी सगळं गणिती अंदाजाने भरलेलं.

त्यात सगळ्यात सहज निसटतं ते जन्माची नोंद व्हायच्या आत गेलेलं बाळ. त्याचा ना जन्म कागदावर, ना मृत्यू. म्हणून माझ्या मते पहिला पैसा जन्म-मृत्यूच्या नोंदणीला. तिला प्रतिबंध कोणी म्हणत नाही, पण तिच्याशिवाय कुठला कार्यक्रम कामी आला हे कळायचं कसं?

शर्वरी:
निखिल, याला माझा दुजोरा. जन्मल्यावर काही श्वास घेऊन गेलेलं बाळ आणि मृत जन्मलेलं बाळ यांतला फरकही पुष्कळदा नीट लिहिला जात नाही.

प्रणव:
नोंदणी हवीच, पण ‘पहिला पैसा’ याला माझा विरोध. सगळ्या मृत्यूंची नोंद पूर्ण व्हायला पिढ्या लागतात. तोवर निवडक भागांत काटेकोर नोंद ठेवून पुरेसा चांगला अंदाज बांधता येतो. १८५४ मध्ये लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नोने कॉलऱ्याचे मृत्यू कुठे होताहेत ते शोधून तिथल्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला, तेव्हा त्याला जंतूचं नावही माहीत नव्हतं. रक्तदाबाबद्दल आपल्याला त्याच्या कितीतरी पट जास्त माहीत आहे. आणि शर्वरी, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब हे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचं एक मोठं कारण आहे. दंडाला बांधायचा तो पट्टा तुमच्या बाळांच्याही कामाचा आहे, त्याला दुसऱ्या बाजूचा समजू नका.