डिस्क गोल्फ: सर्वाधिक अंतरासाठी कोणती फेक निवडावी?

दूरचा_टप्पा (सांताक्रूझ, कॅलिफोर्निया)

डिस्क गोल्फमध्ये, म्हणजे चकतीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत टोपलीत पोहोचवण्याच्या खेळात, नवख्या खेळाडूंना पडणारा सर्वांत चिवट प्रश्न अंतराचा असतो. आपल्यापेक्षा अंगाने किरकोळ असलेला सोबती त्याच टी-पॅडवरून, म्हणजे पहिली फेक करण्याच्या जागेवरून, डिस्क दीडपट दूर धाडतो. आपण मात्र त्यावर उपाय म्हणून बाजारातला सर्वांत वेगवान ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, विकत आणतो, आणि तोही डावीकडे वळून नेहमीच्याच जागी पडतो. माझे मत असे आहे, की ताशी 95 ते 100 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने फेकणाऱ्यांनी, म्हणजे हौशी खेळाडूंपैकी बहुतेकांनी, अंतरासाठी आधी एकच फेक पक्की करावी: कमी स्थिर, म्हणजे वेगात सहज कलणाऱ्या, डिस्कची बॅकहँड (हात छातीसमोरून मागे नेऊन केलेली) हायझर-फ्लिप.

पुढचे विवेचन उजव्या हाताच्या बॅकहँडचे आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या घ्याव्यात. या फेकीत डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग भरपूर असताना हवा तिचे नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबू पाहते. परंतु फिरता भोवरा जसा ढकललेल्या दिशेला न पडता तिच्या काटकोनात कलतो, तशी डिस्कही नाक खाली न घालता उजवीकडे कलते. याला टर्न म्हणतात. वेग ओसरू लागला की दाब उलटतो आणि ती डावीकडे कलते, तो फेड. हायझरमध्ये, म्हणजे डावी कड खाली ठेवून, सोडलेली कमी स्थिर डिस्क टर्नमुळे हळूहळू सपाट होते, बराच काळ सपाटच तरंगते आणि शेवटी थोडीशी डावीकडे उतरते. अंतर मिळते ते या मधल्या सपाट टप्प्यात.

इनोव्हा कंपनीच्या चार अंकांच्या पद्धतीत पहिला अंक वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा टर्नचा (उणे अंक जितका मोठा, तितका टर्न अधिक) आणि चौथा फेडचा असतो. साइडवाइंडर या डिस्कचे अंक 9, 5, उणे 3 आणि 1 आहेत, तर डिस्ट्रॉयरचे 12, 5, उणे 1 आणि 3. डिस्ट्रॉयरला तिचा टर्न दाखवायला जो वेग लागतो, तो आपल्या हातात नसेल, तर आपल्या वाट्याला येतो तो केवळ तिचा फेड. तरीही लोक डिस्ट्रॉयरच विकत घेतात, कारण समालोचनात तेच नाव सारखे कानावर पडते.

मैदानी_पुणेकर

आपले शास्त्र मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष आपल्याकडच्या खेळाडूंना लागू पडत नाही. मी पुण्यात अल्टिमेट हा डिस्कचा सांघिक खेळ खेळतो, आणि क्रिकेट खेळून आलेल्या मुलांना डिस्क फेकायला शिकवताना एक गोष्ट वारंवार दिसते. कव्हर्समधून यष्ट्यांवर आडव्या हाताने चेंडू फेकण्याची सवय असल्यामुळे त्यांचा फोरहँड, म्हणजे हात बाजूने पुढे आणून केलेली फेक, आठवड्याभरात बसतो, तर बॅकहँडमध्ये लक्ष्याकडे पाठ फिरवणे, पाय ओलांडून टाकणे आणि नितंब आधी वळवून हात मागाहून आणणे यांचा मेळ बसायला कित्येक महिने जातात. फोरहँडमध्ये लक्ष्य सतत नजरेसमोर असते आणि धाव कमी लागते. ज्याचा फोरहँड आजच दूर जातो आहे, त्याने अंतरासाठी शून्यापासून बॅकहँड शिकत बसावे, हा सल्ला मला पुस्तकी वाटतो.

दुसरे म्हणजे, फोरहँडची डिस्क शेवटी उजवीकडे उतरते. फेअरवे, म्हणजे टी-पॅडपासून टोपलीपर्यंतचा मोकळा पट्टा, उजवीकडे वळत असेल, तर आपली हायझर-फ्लिप कितीही लांब गेली तरी चुकीच्या बाजूच्या झाडीत जाते.

दूरचा_टप्पा

फेअरवेच्या वळणाचा मुद्दा रास्त आहे, परंतु तो दिशेचा प्रश्न झाला. मी कमाल अंतराबद्दल लिहिले होते. बॅकहँडमध्ये हात छातीसमोरून मागे नेता येत असल्याने डिस्कला वेग देण्यासाठी लांब मार्ग मिळतो, आणि सहसा तितक्याच वेगाला फोरहँडपेक्षा अधिक फिरकी मिळते. फिरकी जास्त असली, की डिस्क आपला कोन अधिक काळ टिकवते. फोरहँडमध्ये वेग असून फिरकी कमी पडली, तर कमी स्थिर डिस्क डगमगते आणि लगेच उलटते. म्हणूनच फोरहँडवाले बहुधा जड फेडच्या डिस्क वापरतात, आणि तिथे अंतर कापले जाते. शिवाय क्रिकेटच्या सवयीमुळे मनगटाऐवजी सगळा जोर कोपरातून लावणारे खेळाडू मी पाहिले आहेत. कोपराच्या आतल्या बाजूचे दुखणे घेऊन मिळवलेल्या अंतराला मी तरी अंतर मानत नाही.

उत्तरेचा_वारा (टांपेरे, फिनलंड)

या संपूर्ण चर्चेत वाऱ्याचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते. फिनलंडमध्ये शेकडो कोर्स आहेत. त्यांतले पुष्कळसे पाईनच्या जंगलात असले, तरी जे उघड्या माळावर किंवा तळ्याकाठी आहेत, तिथे आपली हायझर-फ्लिप समोरच्या वाऱ्यात साफ फसते. समोरचा वारा म्हणजे डिस्कच्या दृष्टीने वाढलेला वेग. त्यामुळे उणे तीन टर्नची डिस्क सपाट होऊन थांबत नाही, ती उजवीकडे पूर्ण उलटते आणि जमिनीवर येऊन घरंगळते. तिथे स्थिर, म्हणजे सहज न उलटणारी, डिस्क अ‍ॅनहायझरमध्ये, म्हणजे उजवी कड खाली ठेवून, सोडावी लागते. ती आधी उजवीकडे जाते, मग स्वतःच्या फेडने सावरून डावीकडे परतते, आणि या एसच्या आकाराच्या मार्गात तिला दोन्ही बाजूंची रुंदी वापरता येते.

आणि खऱ्या कमाल अंतराबद्दलच बोलायचे असेल, तर विक्रमांकडे पाहावे. डेव्हिड विगिन्स ज्युनियर याने मार्च 2016 मध्ये नेवाडातील प्रिम येथे, वाळवंटातल्या जोरदार पाठवाऱ्यात 338 मीटर, म्हणजे 1,109 फूट अंतर गाठले, तेही इनोव्हाच्या बॉस या तेरा वेगांकाच्या डिस्कने. नऊ वेगांकाच्या डिस्कने नव्हे.

दूरचा_टप्पा

विगिन्सचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे फेअरवे नव्हता, हद्दीबाहेर गेल्याचा दंड नव्हता, उंचीला मर्यादा नव्हती आणि वारा योग्य होईपर्यंत थांबण्याची मुभा होती. शिवाय ती बॉस ब्लिझार्ड प्लास्टिकची, म्हणजे आत सूक्ष्म हवेचे बुडबुडे सोडून हलकी केलेली होती. पाठवाऱ्यात डिस्कचा हवेशी असलेला सापेक्ष वेग घटतो, त्यामुळे ती मुळात आहे त्याहून अधिक स्थिर वागते, आणि म्हणूनच पाठवाऱ्यात सामान्य खेळाडूने कमी स्थिर डिस्कच घ्यायला हवी. समोरच्या वाऱ्याबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र समोरच्या वाऱ्यात कमाल अंतराचा आग्रह धरणेच मला पटत नाही. तिथे डिस्क खाली ठेवून फेअरवेवर राहावे, एवढेच पुरे.

उत्तरेचा_वारा

पार 5 असलेल्या, म्हणजे पाच फेकींत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या, लांब होलवर समोरून वारा असेल, तर दुसऱ्या फेकीला काय करावे, याचे उत्तर यात मिळत नाही. तिथे अंतर हवेच असते. अ‍ॅनहायझरची फेक शिकायला अवघड आहे, कारण कोन थोडा जरी अधिक झाला तरी डिस्क परतत नाही. परंतु अवघड आहे म्हणून ती अनावश्यक ठरत नाही.

नाक_खाली

आपण तिघेही कडेच्या कोनावर भांडत आहात आणि नाकाचा कोन विसरला आहात. बहुतेक हौशी खेळाडूंची डिस्क पुढची कड वर उचलूनच हातातून सुटते. ती वर चढते, हवेत थबकते आणि डावीकडे खाली पडते. हायझर असो, सपाट असो वा अ‍ॅनहायझर असो, नाक वर असेल तर ताशी 100 किलोमीटरची फेकही वाया जाते. पुष्कळ लोक डिस्क उंच जावी म्हणून तिचेच नाक वर करतात. वास्तविक उंची खांद्यांच्या उतारातून यायला हवी आणि डिस्क त्या चढत्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असावी. मनगट किल्ली फिरवल्यासारखे वळवून, पकडीत अंगठ्याची जागा बदलून, आधी एवढे साधावे. फेकीचा प्रकार त्यानंतर निवडावा.

मैदानी_पुणेकर

हा मुद्दा फोरहँडलाही तितकाच लागू आहे, हे नोंदवतो. तळहात आकाशाकडे राहिला तर नाक खाली राहते. क्रिकेटच्या सवयीने मनगट वरून फिरले की डिस्क लगेच उलटते. ही एक खोड मोडली की उरलेली तक्रार फिरकीचीच राहते, आणि ती सरावाने भरून निघते.

दूरचा_टप्पा

नाकाच्या कोनाबद्दल पूर्ण सहमत आहे. किंबहुना हायझर-फ्लिप निवडण्याचे माझे एक न सांगितलेले कारण तेच आहे. डावी कड खाली ठेवून फेकताना खांदे आणि हात एकाच तिरक्या पातळीत फिरतात, आणि त्या पातळीत नाक आपोआप वर उचलले जाण्याची शक्यता सपाट फेकीपेक्षा कमी असते. अ‍ॅनहायझरमध्ये बहुतेक नवख्यांचे शरीर मागे झुकते आणि नाक हमखास वर जाते. फिरकी सरावाने काही प्रमाणात वाढते हेही खरे; परंतु तोच सराव बॅकहँडवर खर्च केला तर लांब मार्गाचा फायदा वर मिळतो, तो फोरहँडला मिळत नाही.

उत्तरेचा_वारा

शरीर मागे झुकते हे खरे आहे, पण तो शिकवण्याचा दोष आहे, फेकीचा नव्हे. अ‍ॅनहायझरसाठी कंबरेतून पुढे न झुकता उभे राहून पातळी वळवावी लागते, आणि हे कमी वेगात, पटर, म्हणजे जवळच्या फेकीची संथ डिस्क, हातात घेऊन शिकवले तर बसते. नवख्याच्या पिशवीत साइडवाइंडर असावी, इतपत मी आपल्यासोबत आहे. मात्र त्याच पिशवीत एक स्थिर फेअरवे ड्रायव्हरही पहिल्या दिवसापासून असावा, आणि वारा समोरून आला की त्याने तोच काढावा.