मदत हवी आहे: सड्यावर बांधत असलेल्या कारखान्याचा खरा आकार कसा काढायचा?

बाबुलो_पेडणे
नमस्कार मंडळी, जरा लवकर मदत करा. आमच्या गावाच्या वर सड्यावर, म्हणजे चिऱ्याच्या पठारावर, मोठा कारखाना बांधतायत. गेटावरच्या बोर्डावर लिहिलंय १,२१,४०० चौ.मी., पेपरात आलंय ३० एकर आणि आमचा पंच सगळ्यांना सांगत फिरतोय साडेचार लाख. तीन तोंडं तीन आकडे. आत कोणाला सोडत नाहीत. रविवारी ग्रामसभा आहे आणि मला उभं राहून बोलायचंय, त्याच्या आधी खरा आकडा पाहिजे. कसा मोजू? कोणी केलंय का असं काही?

टोपोशीट
आकार म्हणजे कुठला आकार? प्लॉट किती, छपराखालची जागा किती, की सगळे मजले धरून बांधकाम किती? हे तीन वेगळे आकडे असतात. साडेचार लाख काय, मीटर की फूट? एक मजली आहे की वर अजून आहे? यातलं काहीच सांगितलं नाहीस.

फोंडेकर_७१
मोजत बसू नका हो, आरटीआय घाला. इस्टेटीत असेल तर आयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ), बाहेर असेल तर टीसीपी (नगर नियोजन खातं) आणि पंचायत. कन्वर्शन सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद), मंजूर प्लॅन, कन्स्ट्रक्शन लायसन्स, एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) सगळं मागा. मी आमच्या वाड्यावरच्या एका बांधकामाचं असंच बाहेर काढलं होतं. कागदासमोर कोणी बोलू शकत नाही.

टोपोशीट
आरटीआयला ३० दिवस मुदत असते बाब, ह्याची ग्रामसभा रविवारी आहे.

फोंडेकर_७१
म्हणून काय घालायचाच नाही? काम काय रविवारी संपणार आहे? कायद्यात फाईलची पाहणी करायचाही हक्क आहे, नुसत्या कॉप्याच मागायला पाहिजेत असं नाही. पंचायत ग्रामस्थाला कधी कधी त्याच दिवशी दाखवते.

ड्रोनवाला_मडगाव
दहा मिनिटांचं काम आहे. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन, लायसन्स लागत नाही, वर न्यायचा, शंभरेक फोटो ओव्हरलॅप ठेवून काढायचे, सॉफ्टवेअरमध्ये जोडून ऑर्थो, म्हणजे सरळ वरून दिसणारा मापाचा नकाशा बनवायचा, सेंटिमीटरमध्ये माप मिळतं. मी येतो हवं तर, पेट्रोल दे फक्त.

नकाशावेडा
ड्रोन भाऊ, तो पेडण्यातला सडा म्हणतोय. मोपा विमानतळ शेजारी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत हलक्या ड्रोनला पायलटचं लायसन्स नसलं तरी झोन लागू आहेतच. आधी सरकारच्या डिजिटल स्काय साईटवर नकाशा बघा, लाल झोन असेल तर केंद्राची परवानगी, पिवळा असेल तर एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची). पोराला ग्रामसभेऐवजी पोलीस चौकीत पाठवाल.

ड्रोनवाला_मडगाव
सगळे लग्नाचे शूटिंगवाले उडवतात, कोणाला काय झालं?

सान्वी_डी
कारखान्यात भरती सुरू झालीय का? माझ्या भावाने आयटीआय फिटर केलंय, दोन वर्षं घरी आहे. रेझ्युमे कुठे द्यायचा कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

बाबुलो_पेडणे
सान्वी, भरतीचं माहीत नाही, कळलं तर नक्की सांगतो. बाकीच्यांना, एक मजली शेड आहे, लांबलचक, पत्र्याची. पुढे ऑफिसचा भाग तीन मजली दिसतो काचेचा. अर्ध्याच्या वर पत्रा चढलाय. साडेचार लाख मीटर की फूट ते पंच सांगत नाही, नुसतं "साडेचार लाख" म्हणतो. मागच्या बाजूला नुसता लाल मातीचा सपाट केलेला माळ आहे, तिकडे अजून काही नाही. जागा मी इथे उघड लिहीत नाही, नकाशावेडा तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आता सांगा.

शेडमिस्त्री
मी कुंडईला शेडचीच कामं करतो, मला विचार. ड्रोन बिन काही नको. पीईबी शेड (तयार लोखंडी भाग जोडून उभी केलेली) म्हणजे सगळे खांब सारख्या अंतरावर. रस्त्यावरून लांब बाजूचे खांब मोज. दोन खांबांच्या मधल्या अंतराला आम्ही बे म्हणतो, बहुतेक साडेसात किंवा आठ मीटर असतो, नऊसुद्धा बघितलाय. नेमका किती ते काढायला शेडच्या भिंतीला लागून ट्रेलर उभा असेल तेव्हा लांबून सरळ समोरून फोटो काढ. चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब असतो, जगात कुठेही गेलास तरी तेवढाच. त्याच्यावरून बे किती ते निघतं. ट्रेलर भिंतीला चिकटून पाहिजे हां, रस्त्याजवळचा धरलास तर तो मोठा दिसेल आणि बे छोटा निघेल. आणि खांब मोजलेस तर एक वजा कर, बे खांबापेक्षा एकाने कमी असतात. भलेभले सुपरवायझर इथे चुकतात.

नकाशावेडा
व्यनि बघितला. गूगल अर्थवर तिथली इमेज जुनी आहे, नुसता सडा आणि करवंदीच्या जाळ्या दिसतायत. सेंटिनेल-२ उपग्रहाची मे मधली एक स्वच्छ इमेज मिळाली, ती फुकट असते आणि साधारण दर पाच दिवसांनी नवीन येते, फक्त पावसाळ्यात आपल्याकडे ढगांशिवाय काही मिळत नाही. खालचा कोबा उठून दिसतो म्हणून कडा कळतात. अडचण ही की एक पिक्सेल १० मीटरचा. शेड साधारण ३४ पिक्सेल लांब आणि १२ रुंद दिसते, कडेला अर्धा पिक्सेल इकडे तिकडे झाला तरी क्षेत्रफळात दहा टक्के फरक पडतो. तरी ३८ ते ४५ हजार चौ.मी. च्या मध्ये आहे एवढं नक्की. साडेचार लाख चौ.मी. अजिबात नाही, तेवढी जागाच नाही तिथे.

केपेकर_जीआयएस
मला पण जागा पाठवली बाबुलोने. मी नकाशावर शेडच्या कडेने पॉलिगॉन काढला, ४३,४०० चौ.मी. आलं.

नकाशावेडा
कुठल्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायच्या कुठल्या पद्धतीत?

केपेकर_जीआयएस
वेब मर्केटर, जो बेसमॅपबरोबर येतो तो. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा आहे, मी हाताने नाही काढला.

नकाशावेडा
तिथेच गडबड आहे. वेब मर्केटर विषुववृत्तापासून जसजसं वर जाल तसं ताणतो. गोवा साडेपंधरा अक्षांशावर, लांबी जवळपास पावणेचार टक्के जास्त येते आणि क्षेत्रफळ पावणेआठ टक्के. ४३,४०० ला १.०७७ ने भागा, ४०,३०० येईल. यूटीएम झोन ४३ उत्तर (आपल्या भागाचं मीटरमधलं प्रोजेक्शन) लावून परत काढा.

केपेकर_जीआयएस
युरोपात फरक पडतो तो, आपल्याकडे नगण्य असतो.

नकाशावेडा
तीन हजार चौ.मी. नगण्य? हा माणूस ग्रामसभेत उभा राहणार आहे, समोर कंपनीचा इंजिनियर असणार. एक आकडा चुकला की बाकी सगळं बोलणं वाया.

विजू_सांगली
ह्यावरून आठवलं, टेस्लाचा अमेरिकेत नेवाडामध्ये बॅटरीचा कारखाना आहे, त्याच्या आकारावरून नेटवर वर्षानुवर्षं वाद चालले होते. लोक विमानातून फोटो काढून मोजायचे. २०१८ मध्ये कंपनीने सांगितलं की जमिनीवरचा पसारा १९ लाख चौ.फूट पण आतले मजले धरून ४९ लाख, आणि तरी तेव्हा ३० टक्केच बांधून झालाय. म्हणजे वरून मोजणारेही बरोबर आणि मोठा आकडा सांगणारेही बरोबर. नुसत्या छपराच्या फोटोवरून मजले कळत नाहीत, बाबुलोने उंची पण काढायला हवी. सावलीवरून निघते.

ताळगावकर
मोठ्या इमारतीचा विषय असेल तर बोईंगचा एव्हरेटचा कारखाना, १ कोटी ३३ लाख घनमीटर, घनफळात जगात एक नंबर. आणि आपल्याकडे मोपा बघा, ३५०० मीटरचा रनवे. त्यापेक्षा दाबोळीच वाढवायला हवं होतं असं माझं आधीपासून मत आहे, दक्षिणेतल्या लोकांना पहाटेचं विमान म्हणजे रात्रीच निघावं लागतं आणि टॅक्सीवाले काय भाव लावतात...

पर्वरीची_अनिता
ताळगावकर दादा, मोपा-दाबोळीचा वेगळा धागा आहे, तिकडे लिहा ना. बाबुलो, सावली मोजायचीच तर डिसेंबरमधली भर दुपारची इमेज घे, तेव्हा सूर्य ५१ अंशांवर असतो, सावलीची लांबी गुणिले १.२३ म्हणजे उंची. मे च्या सुरुवातीला सूर्य डोक्यावर असतो, दुपारी सावलीच पडत नाही आपल्याकडे. शाळेत मुलांकडून करून घेते मी हे दरवर्षी, काठी उभी करून.

बाबुलो_पेडणे
उंचीचं मला काय करायचंय? लोक कुठून कुठे जातायत. मिस्त्रीदादा, खांब मोजले, ४३. भिंतीला लागून कंटेनर होता, सरळ समोरून फोटो काढला, तो दीड बे एवढा भरतो. रुंदीच्या बाजूला जाता येत नाही, कुंपण आहे.

शेडमिस्त्री
४३ खांब म्हणजे ४२ बे. दीड बे १२.१९ तर एक बे आठच्या थोडा वर, म्हणजे आठचा बे. ४२ गुणिले ८, ३३६ मीटर लांबी. रुंदी नकाशावेडांच्या इमेजवरून घ्या.

नकाशावेडा
३४ ला १२, म्हणजे रुंदी लांबीच्या साधारण पस्तीस टक्के. ३३६ च्या हिशोबाने ११८ ते १२०.

शेडमिस्त्री
१२० असणार, ३० मीटरचे चार स्पॅन (रुंदीकडचे गाळे), हे नेहमीचं डिझाईन आहे. ३३६ गुणिले १२०, ४०,३२० चौ.मी.

टोपोशीट
आणि आता बघा, ३० एकर गुणिले ४,०४७ म्हणजे १,२१,४१०. बोर्ड आणि पेपर एकच गोष्ट सांगतायत, तो प्लॉट आहे. ४०,३२० चौ.मी. चे फूट केले तर ४ लाख ३४ हजार. पंचाचे साडेचार लाख हे चौरस फूट आहेत, बांधकामाचे, पुढचं तीन मजली ऑफिस धरून तेवढं होऊ शकतं. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत बाबुलो, कोणी तुला फसवत नव्हतं, कोणी एककच सांगितलं नाही.

फोंडेकर_७१
४० हजार म्हणजे २० हजारांच्या वर! ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचना २००६, २० हजार चौ.मी. च्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण दाखला लागतो. हे ग्रामसभेत विचारा!

केपेकर_जीआयएस
औद्योगिक शेडना डिसेंबर २०१४ पासून त्यातून सूट आहे, वाचून लिहा.

फोंडेकर_७१
तुम्हीही वाचा. ती सूट जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेत पुन्हा घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. म्हणून परवाने कुठल्या तारखेचे ते आधी बघायला पाहिजे, आणि त्यासाठी फाईल. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

मीनाताई_सत्तरी
बाबुलो, एक विचारते. तुला आकडा नक्की कशासाठी पाहिजे? तू अजून सांगितलंच नाहीस.

बाबुलो_पेडणे
ताई, पाण्यासाठी. सड्याच्या पायथ्याला आमची झर आहे, तिच्यावर तीन घरांची कुळागरं (पोफळीच्या बागा) आहेत, आमचंही त्यात आलं. यंदा पहिल्याच मोठ्या पावसात वरून लाल पाणी खाली आलं, पोफळींच्या आळ्यांत चिखल भरला, खालचा बांध एका बाजूने सुटला. पंच म्हणतो एवढ्याशा शेडने काय होतंय. मला वाटलं तुम्हा सगळ्यांना कळलं असेल, मोठा कारखाना म्हटलं की दुसरं काय असणार.

मीनाताई_सत्तरी
मग तुला मजले नकोत, ऑफिसही नको. पावसाला फक्त छप्पर दिसतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे धरून चल. ४० हजार चौ.मी. छपरावर १०० मिलिमीटर पडला, जुलैत असे दिवस येतातच, तर ४० लाख लिटर. दहा हजारी टँकर ४०० झाले, एका दिवसात. वर्षाला आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्याचे १२ कोटी लिटर. आधी हे पाणी चिऱ्याच्या दगडातून मुरायचं, सडा सच्छिद्र असतो म्हणूनच पायथ्याला झर असते. आता ते मुरणार नाही, सगळं एकदम एका बाजूने येणार. पावसाळ्यात जास्त आणि एप्रिलमध्ये झर आटणार, दोन्हीकडून नुकसान. आणि मागचा सपाट केलेला माळ विसरू नकोस, तिथे काँक्रीट पडलं तर हा हिशोब ४० हजारांवर नाही, १,२१,४०० वर करायला लागेल.

शेडमिस्त्री
ताई बरोबर बोलतायत. बाबुलो, फाईलमध्ये छपराच्या पाण्याचं ड्रॉइंग असतं, पन्हळी कुठे, खाली उतरणारे पाईप किती, ते पाणी कुठल्या नाल्यात सोडलंय. तेवढा एकच कागद बघ. नाला प्लॉटच्या कुंपणाशी संपत असेल तर पुढचं पाणी तुमच्या भाटातच (बागेतच) येणार.

फोंडेकर_७१
आणि पाणी मुरवायचे खड्डे दाखवलेत का, किती, ते पण. त्याचं माप लिहून घे.

बाबुलो_पेडणे
उद्या सकाळी पंचायतीत जाऊन फाईल बघायला मागतो, फोंडेकर बाब अर्जात काय लिहायचं तेवढं व्यनिमध्ये टाका. १,२१,४०० प्लॉट, ४०,३२० छप्पर, १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी ४० लाख लिटर, हे तिन्ही मोठ्या अक्षरात कागदावर लिहून नेतो, एककासकट. ड्रोन नको दादा, पण रविवारी जमत असेल तर या, कुळागर आणि सुटलेला बांध खालून शूट करायला माणूस पाहिजे, पेट्रोल देतो.

ड्रोनवाला_मडगाव
येतो. किती वाजता ग्रामसभा?

बाबुलो_पेडणे
साडेदहाला. नऊला या, आधी झर दाखवतो.