म्हातारे? कोण म्हातारे?

‘म्हातारे रॉक बँड नुसत्या जुन्या नावावर तिकिटं खपवतात’ असं कुणीतरी म्हणालं, ते मत काही पटलं नाही बुवा. १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीच्या मैदानात आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड ऐकला, तेव्हा त्याचा गायक ब्रूस डिकिन्सन ४९ वर्षांचा होता, ड्रमवरचा निको मॅकब्रेन ५५ चा. जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत, आणि बँडच्या बोइंग ७५७ विमानाचा वैमानिक खुद्द डिकिन्सन! पठ्ठ्या स्टेजभर नुसता धावत होता, दम आमचा निघाला. शेजारचा पोरगा तर गिटारच्या सुरावटीसुद्धा गात होता, शब्द नसलेल्या! तिकीट महाग होतं, हे मान्य. घरी पोचलो तर काळा टीशर्ट धुळीने पांढरा. आई म्हणाली, "आधी मोरीत हो, मग सांग काय ते."