सोयाबीनचा उतारा अंतरानं वाढतो की पाण्यानं?

काळी_कसदार: तीन वर्षं झाली, पेरणी बंद. सऱ्या 4 फुटांवर, बेडवर दोन ओळी, 8 इंचांवर दोन-दोन दाणे टोकतो. एकरी 30 किलोऐवजी 8 किलो बियाणं पुरतं. यंदा 11 क्विंटल उतरलं, शेजारच्या पेरलेल्या रानात 7. दाट पेरलं की झाड नुसतं उंच जातं, लोळतं. तरी लोक 30 किलो सोडत नाहीत!

मुरमाड: दादा, हिशेब मांडा. तुमची एकरी जेमतेम 65 हजार झाडं. शिफारस 45 बाय 5 सेंटिमीटरची, दोन ओळींत 45 अन् दोन झाडांत 5, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर. एका झाडानं पावणेतीन झाडांचं काम करायचं. भारी जमिनीत फांद्या फुटून करतही असेल. आमच्या वीतभर मातीत झाड गुडघ्याला येत नाही, ओळींची पानं एकमेकांना भिडत नाहीत, मधली ओल ऊन खातं आणि तण मजेत. अर्धा एकर टोकून बघितलंय. पुन्हा नाही.

काळी_कसदार: मुरमाला अंतर कमी ठेवा की. पण 30 किलो कशाला?

मुरमाड: उगवण 70 टक्के धरली तर तेवढ्यातूनच पावणेदोन लाख रोपं उभी राहतात. घरचं बियाणं मळणीत फुटलेलं असलं तर तीही नाहीत.

तुषारवाला: तुमचं भांडण जूनचं, उतारा ठरतो ऑगस्टात. 2023 आठवा, 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. मी स्प्रिंकलरनं दोन पाणी दिली, एक फुलोऱ्यात, एक शेंगा भरताना. अंतर तेच 18 इंच, वाण तोच जेएस 335. भिजलेल्या तुकड्यात दाणा टपोरा, कोरड्यात ज्वारीएवढा.

काळी_कसदार: विहिरीला पाणी असणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. पाऊस नाही तेव्हा आमची विहीरही नाही. सरीत जुलैचं पाणी मुरतं, तोच आमचा स्प्रिंकलर.

तुषारवाला: म्हणजे श्रेय सरीचं, अंतराचं नाही! वाण कोणता?

काळी_कसदार: फुले संगम.

तुषारवाला: घ्या! पसरणारा वाण, बेड आणि विरळ अंतर, सगळं एकदम बदललं आणि 11 क्विंटल लावले अंतराच्या नावावर. त्याच रानात, त्याच बेडवर, तोच वाण दोन गुंठे 4 इंचांवर टोका, दोन गुंठे 8 वर. वेगळं मळा, मग बोलू.

काळी_कसदार: दोन गुंठ्यांसाठी मळणीवाला मशीन तरी चालू करेल का?

मुरमाड: बडवून काढा की. दोनच तर गुंठे.